सातव्या खिळ्यावरची टोपी

६ जून १९८३, सोमवार

आलो एकदाचा! दोन बस, एक दुधाची गाडी आणि शेवटचे दीड मैल पायी. पण थर्केटलांच्या आवारात पाऊल टाकलं नि सगळा शीण उतरला. शेडचं दार सताड उघडं, आणि आत ती. ऑगस्टा. रस्त्यावर चालणारं वाफेचं इंजिन, वजन बारा टन, जन्म १९१३. बॉयलर उघडा पडलेला, चाकं ठोकळ्यांवर, पितळ हिरवं झालेलं, तरी ऐट बघावी तर तिचीच. एके काळी या पंचक्रोशीतली सगळी मळणी हिच्या जिवावर चालायची म्हणे. आता फक्त वाफेच्या इंजिनांच्या मेळ्यात मिरवायचं काम उरलंय.

मालक जेबेझ थर्केटल एकाहत्तरचा. त्याची बहीण मॉडबाई त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. दोघांचीही लग्नं झाली नाहीत, दोघंच राहतात. म्हाताऱ्याने मला दारातच वरपासून खालपर्यंत न्याहाळलं (माझ्या बाबतीत त्याला वेळ लागत नाही) आणि खूश होऊन म्हणाला, पत्रात लिहिलं होतंस त्याहून बारीकच निघालास की रे! चार फूट दहा इंच. यॉर्कशरच्या कारखान्यात मला ‘पाऊण माणूस’ म्हणायचे. बॉयलरच्या भट्टीचं तोंड टोपलीएवढं असतं. त्यातून जो आत शिरू शकतो त्यालाच भट्टी आतून दुरुस्त करता येते. त्यामुळे वीस वर्षं मी, क्लेमेंट पास्क, आत काजळी खातोय आणि बाहेर भलतेच टिकोजीराव सुकाणू धरून मिरवतायत.

म्हणून यायच्या आधीच मी अट घातली होती, ती आज पुन्हा तोंडावर सांगितली. सप्टेंबरच्या मेळ्यात, रविवारच्या मिरवणुकीत, ऑगस्टा मी चालवणार. बाकी काही नको. म्हातारा म्हणाला, तुझ्याशिवाय ती निघायचीच नाही. जेवायला रश्श्यात सोडलेले पिठाचे गोळे होते, एकेक मुठीएवढा. मी पाच हाणले. मॉडबाई कौतुकाने बघत होती, पण सहावा मागितला तर म्हणाली, पुरे हं, खांदे भरतील.

१४ जून, मंगळवार

मॉडबाईने आज फीत आणून माझ्या डोक्याचं माप घेतलं! टोपी शिवणार आहे. इथे कामाला येईल त्याला ती स्वतः टोपी शिवते. टोपीचा नियम सगळीकडे एकच, तो मला कोणी शिकवायला नको. भट्टीत शिरताना आपली टोपी बाहेर, वाफ सोडायच्या दांड्यावर अडकवायची. टोपी दिसतेय तोवर आत माणूस आहे, कोणी काडी ओढायची नाही. वाफेच्या धंद्यात माणसं बायको सोडतील, दारू सोडतील, पण टांगलेल्या टोपीला हात लावणार नाहीत.

थर्केटलांची एक तऱ्हा मात्र जगावेगळी. सगळी दुनिया भट्टीच्या तोंडातून कोळसा टाकून जाळीवर विस्तव करते. हे लोक खालच्या राखेच्या कप्प्यात लाकडं नि तेलाच्या चिंध्या कोंबून पेटवतात, म्हणजे जाळ जाळीतून वर चढतो. तोंड तोवर कडी लावून बंद. मी म्हटलं, ही कुठली उलटी गंगा? म्हातारा म्हणाला, आमच्याकडे असंच. ती उघड्या तोंडाने खात नाही. आणि खो खो हसला. मीही हसलो. म्हातारा वात्रट आहे.

२ जुलै, शनिवार

टोपी मिळाली. करडी, जाड लोकरी, डोक्यावर अशी बसली की जन्मतः तिथेच होती. मॉडबाईने ती हाताने सारखी केली, जरा वेळ हात तसाच ठेवला.

शेडच्या मागच्या भिंतीवर सात खिळे आहेत, आजच लक्ष गेलं. खाली खडूने साल लिहिलंय. १९२३, १९३३, १९४३, १९५३, १९६३, १९७३. दर दहा वर्षांनी बॉयलर उघडून दुरुस्त करतात, त्याची ती सालं. या सहांपैकी प्रत्येक खिळ्याला एक करडी टोपी, फक्त ४३चा रिकामा. मी विचारलं, या कोणाच्या? म्हातारा म्हणाला, माझ्याआधी आत शिरायला आलेल्यांच्या, जाताना इथेच ठेवून गेले. एकेक डोक्यावर चढवून पाहिली. सगळ्या बरोब्बर बसल्या! इतकी बुटकी माणसं आजवर एका जागी भेटली असती तर आम्ही संघटनाच काढली असती.

सातव्या खिळ्याखाली १९८३ लिहून ठेवलंय. कोरा करकरीत खडू.

९ जुलै, शनिवार

नळ्या साफ करत होतो. भट्टीतून धूर पुढे धुराड्याकडे नेणाऱ्या या लांब नळ्या, एकूण छप्पन्न. प्रत्येकीत ब्रश घालायचा नि काजळी ओढायची. वरून तिसऱ्या ओळीतल्या एकीत ब्रश अडला. जोर केला तर पलीकडून कागदाची गुंडाळी पडली. जळून कोळसा झालेली, हात लावताच भुगा. मधल्या घडीत शिसपेन्सिलीने लिहिलेले तीनच शब्द वाचता आले. ‘टोपी नाही तरी’. पुढचं गेलेलं.

कोणा बिचाऱ्याला टोपी मिळाली नसेल म्हणून त्याने तक्रार लिहिली असेल, असं मी चहाला बसल्यावर गमतीने सांगितलं. मॉडबाईने कागद मागितला, चष्मा लावून पाहिला आणि चुलीत टाकला. म्हणाली, कचरा कशाला जपायचा. मग मला जाम लावून ब्रेड दिला. म्हातारा मात्र चहा अर्धाच टाकून शेडकडे गेला.

२१ जुलै, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

भट्टीत होतो. छताच्या बोल्टांचं मोजमाप याच वहीत मागच्या पानांवर टिपतो, म्हणून वही नि पेन्सिल नेहमी खिशात असते. तासाभराने डोकं बाहेर काढलं तर दांड्यावर टोपी नाही. मॉडबाई खाली उभी, टोपी तिच्या हातात. म्हणाली, घामाने खराब झाली होती, धुवायला घेत होते. मी आत असताना? हो, म्हणाली, त्यात काय.

मी भडकलो. आयुष्यात बाईमाणसाशी इतक्या मोठ्याने बोललो नव्हतो. ती भावाकडे वळून म्हणाली, अजून वेळ आहे, नाही का? म्हातारा म्हणाला, गप बस मॉड.

राखेच्या कप्प्यात वाकून पाहिलं. लाकडं रचलेली होती. सुकी.

२२ जुलै

म्हाताऱ्याला धरून विचारलं, ४३चा खिळा रिकामा का. आधी टाळाटाळ, मग बसला कोळशाच्या ढिगावर आणि सांगितलं, अगदी चवीने.

१९२३ साली आत एक माणूस होता, बाहेरच्यांना माहीत नव्हतं, खालून विस्तव पेटवला. अपघात. त्यानंतर दहा वर्षं ऑगस्टाच्या एका सांध्यातून थेंब गळला नाही. १९४३ला युद्ध चालू, आत जाणाऱ्याला सैन्यातून बोलावणं आलं, तो टोपी घेऊन निघून गेला. मग इंजिन पेटवलं त्या पहिल्याच दिवशी भट्टीचं छत फाटलं. म्हाताऱ्याचा बाप समोर उभा होता. उकळत्या वाफेत भाजल्यावर तो अडीच तास जिवंत होता म्हणे. मॉडने चमच्याने पाणी पाजलं, तर चमच्याला ओठ चिकटून आले.

एवढं सांगून म्हातारा माझ्या खांद्यांकडे बघत म्हणाला, ती तशी प्रेमळ आहे रे. फक्त उपाशी नको.

मी विचारलं, बाकीच्या टोप्या? म्हणाला, सांगितलं ना, इथेच ठेवून गेले.

२३ जुलै, शनिवार

बॅग भरली. बस बाराला.

फाटकापाशी म्हाताऱ्याने गाठलं. ओरडला नाही, विनवणी नाही. खिशातून छापील कागद काढून दिला. मेळ्याचा कार्यक्रम. रविवार १८ सप्टेंबर, भव्य मिरवणूक, क्रमांक एक: ऑगस्टा. चालक: सी. पास्क.

छापलेलं नाव. माझं.

माझ्या बापाने मला कधी खांद्यावर बसवून मिरवणूक दाखवली नाही. म्हणायचा, तुला बसवलं तर लोक विचारतील हे मूल की गाठोडं. तीन भावांनी तीन इंजिनं चालवली, मी त्यांच्या भट्ट्या खरवडल्या. आता चाळीस इंजिनांच्या पुढे मी असणार, शिट्टीची दोरी माझ्या हातात, आणि मेळ्याच्या, गेनिंगथॉर्पच्या मैदानावर हजारो माणसं. मला ती जागा हवी. एवढी हवी की लिहायलाही लाज वाटते.

बस गेली. आतलं काम तसंही उरकलंय, म्हणून मी अट वाढवली: यापुढे या आवारात मी भट्टीत पाय ठेवणार नाही. म्हातारा लगेच हो म्हणाला. जरा जास्तच लगेच.

१९ ऑगस्ट, शुक्रवार

बॉयलरचा तपासनीस येऊन गेला. गेज नावाचा लांबोडका माणूस. आधी पाणी भरून दाब, मग वाफ. खालून पेटवली, मी बाहेर वीस पावलांवर. सगळं ठीक, छताचा एक बोल्ट किंचित पाझरतोय, तापला की बसेल म्हणाला. जाताना माझ्या टोपीकडे बघून म्हणाला, छान बसलीय, गेल्या वेळच्याला जरा सैल होती.

मॉडबाईने त्याला डझनभर अंडी दिली.

१५ सप्टेंबर, गुरुवार

चालवली! आठ मैल, आवारापासून मैदानापर्यंत, मी सुकाणूवर, म्हातारा विस्तवावर. गावागावांत लोक दारात आले. एका म्हातारीने मला बघून हात हलवला, मी शिट्टी दिली, तिची कोंबडी छपरावर गेली. पायाखाली ठोकळा ठेवला होता, पण खालून कुणाला दिसतो तो! मी इतका सुखात कधीच नव्हतो. जुलैमधलं सगळं म्हणजे माझ्याच डोक्यातली जळमटं होती, असं वाटायला लागलंय.

शेजारी सायलस बनेटचं इंजिन आहे. ढेरपोट्या, लाल नाकाचा, देवमाणूस. फावडं भट्टीत धरून त्यावर डुकराचं मांस नि अंडी तळली आणि पहिला घास मला दिला. म्हणाला, रविवारी पुढे तूच ना लेका? आमच्यावर धूर कमी सोड.

१६ सप्टेंबर, शुक्रवार

बोल्ट बसला नाही. उलट वाढला. विस्तवावर पाणी टपटपतंय. विस्तव काढावा लागला. थंड व्हायला दीड दिवस. मग कोणीतरी आत जाऊन बोल्ट ठोकून बसवायला हवा.

कोणीतरी! चाळीस इंजिनांचे लोक जमलेत, टोपलीएवढ्या तोंडातून आत जाईल असा एकच.

मॉडबाई म्हणाली, नाहीतर राहू दे मिरवणूक.

१७ सप्टेंबर, शनिवार

विचार केला. इथे आवार नाही, मैदान आहे. दिवसाढवळ्या, चहूकडे माणसं, तीही वाफेची माणसं. टांगलेली टोपी बघून काडी ओढेल असा इथे एकही जन्मला नाही.

तरी बनेटला बाजूला घेऊन सांगितलं, का ते नाही, फक्त एवढंच: उद्या मी आत असेन, माझ्या टोपीवर नजर ठेव. तो गंभीर झाला. छातीवर हात ठेवून म्हणाला, टोपी तिथे आहे तोवर ऑगस्टाजवळ विडीसुद्धा पेटू देणार नाही.

देवमाणूस. शांत झोपेन आज.

१८ सप्टेंबर, रविवार, सकाळी दहा

आत जातोय. टोपी दांड्यावर. बनेटने पाहिली, अंगठा दाखवला. राखेचा कप्पा स्वतः वाकून बघितला, रिकामा. तासाभराचं काम. दोनला मिरवणूक.

अकरा चाळीस, आतच

बोल्ट बसला. अप्रतिम बसला. टिपून ठेवतो: छत, दुसरी ओळ, चौथा. आता निघ—

दार लागलं.

कडी पडली बाहेरून.

हाक मारली. जत्रेतला बाजा वाजतोय, मोठा, अगदी शेजारी लावलाय. कोणालाच ऐकू जात नाही.

ठीक आहे. टोपी आहे. बनेट बघतोय. ठीक आहे.

हातोडीने भिंत ठोकली. लगेच बाहेरूनही ठोके. म्हातारा चाकाच्या पाचरीवर हातोडी मारतोय. मी थांबलो की थांबतो. मी मारली की मारतो. माझ्या ठोक्याला ठोका—

खाली सरसर. लाकडं. कप्प्यात लाकडं सारतायत. तेलाचा वास.

बाजा मधेच थांबला. मॉडबाईचा आवाज, गोड, लग्नघरातल्यासारखा. शेजाऱ्यांना सांगतेय, क्लेमेंट आवरायला गेलाय, कोट घालून येईल, उशीर झालाय हो, फावडंभर विस्तव द्या ना प्रत्येकी, लवकर वाफ धरेल.

मेळ्याची रीतच आहे ती. मागितला की विस्तव द्यायचा. नाही म्हणत नाहीत. मीही कधी नाही म्हटलं नसतं.

मी ओरडतोय. बाजा पुन्हा सुरू—

त्यातूनही बनेट ऐकू आला. अगदी खाली वाकलेला. म्हणाला, टोपी नाही दांड्यावर, म्हणजे गडी बाहेर आला, घ्या, पहिलं फावडं माझं. त्या लेकाला म्हणावं आठवण ठेव.

टोपी नाही.

माझी नजर टोपी असण्यावर. नसली तर काय, हा विचारच—

उजेड जाळीतून. तांबडा.

दुसरं फावडं. कोणीतरी हसलं. तिसरं.

बूट तापले. नळ्यांतून वारा ओढतोय. चांगली ओढ आहे, मीच साफ केल्या—

बारा. शिट्ट्या. चाळीस इंजिनं एकदम. रविवारी बाराला सगळे देतात. किती वेळ देतात? दोन मिनिटं? पाच—

म्हातारा तोंडाच्या फटीशी. डोळा दिसला. रडतोय की धूर. म्हणाला पोरा, कार्यक्रमात नाव तुझंच राहील. मिरवणुकीत तूच—

जाळी धरवत नाही. उभं राहावं तर छत—

वही नळीत घालतो. वरून तिसरी ओळ. जो ब्रश घालेल त्याने मॉडबाईला देऊ नये. देऊ नये. आधी भट्टीत बघावं. कोणाच्याही भट्टीत. दांड्यावर टोपी नाही तरी